बेसचा आवाज सुधारायचाय? पेडलचे पैसे तूर्त खिशातच ठेवा

बेस गिटार घेऊन आठ-दहा महिने झाले की बहुतेकांचा एकच प्रश्न येतो: आवाज मेंगळट येतोय, कुठलं पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. सध्या कुठलंच नको.

बेसचा आवाज बोटापासून निघतो. तारेतून पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीत जातो, तिथून वायरीने आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पमध्ये, आणि शेवटी खोलीच्या भिंतींवर आपटून तुमच्या कानात येतो. बिघाड शोधायचा तो याच वाटेवर आणि याच क्रमाने. पेडलचा नंबर या वाटेवर बराच पुढे लागतो. त्याच्या आधीच्या निम्म्या दुरुस्त्या फुकटात होतात आणि उरलेल्या तारांच्या एका सेटच्या खर्चात. माझं निम्मं बेसवादन गिरगावातल्या एका छोट्या खोलीत आणि निम्मं गणपतीच्या मंडपांत झालंय, त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या दोन जागांच्या हिशेबाने.

सुरुवात करण्याआधी एक सवय लावून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलाच्या आधी व नंतर फोनवर रेकॉर्ड करायचं. दोन्ही वेळा तोच तुकडा, त्याच लयीत, एखाद्या गाण्याच्या ट्रॅकवर. कान लबाड असतो, पंधरा-वीस मिनिटांत कुठल्याही आवाजाला सरावतो. आणि ऐकताना हेडफोन लावा. बेसची सर्वात जाड, म्हणजे ई तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपतच नाही. फोनवर तुम्हाला बेस ऐकू येतो तो वरच्या स्वरांशांमुळे, म्हणजे मूळ सुरासोबत निघणाऱ्या उंच सुरांमुळे, खालचा खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो.

बोटं

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी वेळ लोक इथेच देतात.

उजव्या हाताची जागा आधी बघा. तबल्यावर चाटेवर, लवेवर आणि शाईवर बोट पडलं की वेगवेगळा वर्ण निघतो, अगदी तसंच इथे आहे. नेकच्या, म्हणजे बेसच्या लांब दांडीच्या, टोकाजवळ छेडलंत तर आवाज गोल, गुबगुबीत, थोडा झोपाळू येतो. ब्रिजजवळ, म्हणजे शरीरावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, गेलात की खर्ज कमी होतो, आवाज आवळला जातो, प्रत्येक नोट टोकदार होते. मधली जागा साधारण पिकअपच्या आसपास. तीच ओळ या तीन ठिकाणी वाजवून रेकॉर्ड करा. बऱ्याच जणांना तेव्हा कळतं की तीन बेस त्यांच्या हातात आधीपासूनच होते.

दुसरी गोष्ट जोराची. नवशिक्या माणूस तार ओढतो. बोट तारेखाली अडकवून वर उचलतो आणि सोडतो. मग तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, फटकन आदळते आणि खर्ज निघण्याआधीच खडखडाट निघतो. बोट तारेवर टेकवा, किंचित आत दाबा आणि तसंच आडवं सरकवत पुढच्या तारेवर नेऊन थांबवा. जोर अर्ध्यावर आणा, ॲम्पचा आवाज थोडा वाढवा. हे आठवडाभर विचित्र वाटेल, नंतर जुनी पद्धत विचित्र वाटायला लागेल.

डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, तिच्या किंचित मागे दाबा. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलंत तर जास्त जोर लागतो आणि तरीही तार किरकिरते.

आता मुकेपणा. बेसमध्ये जी तार वाजत नाही ती गप्प आहे ना, हे बघणं म्हणजे निम्मं काम. जाडीच्या उतरत्या क्रमाने तारा ई, ए, डी, जी. ए तारेवर वाजवताना ई तार स्वतःहून गुणगुणत राहते आणि सगळ्या आवाजाला एक चिखलासारखा थर चढतो. उपाय: उजवा अंगठा पिकअपवर कायमचा रोवून ठेवू नका. ए वाजवताना तो ई तारेवर टेकवा, डी वाजवताना ई आणि ए दोन्हींवर आडवा झोपवा. वरच्या बारीक तारा डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी हलक्या झाकायच्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांना ‘टोन खराब आहे’ असं वाटत असतं, त्यातल्या पुष्कळांचा टोन ठीक असतो. न वाजणाऱ्या तारा वाजत असतात, एवढंच.

मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डिंगमधले बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरत, तर्जनी. तारा जुन्या, सपाट गुंडाळीच्या, आणि ब्रिजवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. तेवढ्यावर त्यांनी जे वाजवलं ते आजही लोक घोकतात. फोमचा प्रयोग तुम्हीही करा. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर पट्टी कापून ब्रिजला लागून तारांखाली सरकवा. नोट लवकर विझते, आवाज लाकडी आणि जाडसर होतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना हा आवाज झकास बसतो. खर्च शून्य.

तारा

मुंबईत तारा लवकर मरतात. घाम, खारी हवा, जूनपासूनचा ओलावा. गुंडाळीच्या खाचांत मळ बसला की तार नीट थरथरत नाही. वरचे स्वरांश जातात आणि सूरही डळमळतो, पाचव्या फ्रेटवर बरोबर असला तरी बाराव्यावर चुकतो. वाजवून झालं की जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. वाजवण्याआधी हात धुवा. वडापाव खाऊन लगेच बेस उचलणारे लोक मी पाहिलेत, मीही त्यातलाच होतो.

कुठल्या तारा घ्यायच्या? दोन मुख्य जाती. राऊंडवाऊंड म्हणजे गोल तारेची गुंडाळी, हाताला खरबरीत, आवाज झणझणीत आणि उघडा. फ्लॅटवाऊंड म्हणजे चपट्या पट्टीची गुंडाळी, हाताला गुळगुळीत, आवाज बंद आणि मऊ. राऊंडवाऊंडमध्ये स्टीलच्या तारा निकेलवाल्यांपेक्षा जास्त चमकदार वाजतात आणि फ्रेटही जास्त झिजवतात. पहिल्यांदा बदलत असाल तर निकेलच्या, ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या राऊंडवाऊंड घ्या. बहुतेक बेस याच मापावर लावलेले असतात. जुनी गाणी, भावगीतं, सुगम संगीत एवढंच वाजवायचं असेल तर फ्लॅटवाऊंड. त्या वर्षानुवर्षं चालतात, उलट जुन्या झाल्यावर गोड होतात. पण त्या सहसा जास्त ताणाच्या असतात, म्हणून त्यांच्याबरोबर सेटअप, म्हणजे नेक, तारांची उंची वगैरेची जुळणी, पुन्हा बघावा लागतो. धोबीतलावला जेर महालात फुर्टाडोज आहे, १८६५ सालापासूनची पेढी. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात गेलात तर नुसतं ‘बेसच्या तारा द्या’ म्हणू नका. चार तारी की पाच तारी, लाँग स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असलेला की छोटा, हे सांगा.

बसवताना दोन चुका टाळा. तार खुंटीच्या चार-पाच इंच पुढे कापायची, म्हणजे दोन-तीन वेढे बसतात. कापण्याआधी जिथे कापणार त्याच्या अलीकडे ती काटकोनात वाकवून घ्या, नाहीतर आतला गाभा फिरतो, गुंडाळी सैल पडते आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मुकी होते. दुसरं, सुरात लावल्यावर ब्रिजच्या खोगिरापुढे, म्हणजे तार ज्यावर टेकते त्या तुकड्यापुढे, तार अंगठ्याने खाली दाबा. नवी तार तिथे कमान करून बसलेली असते. ही कमान मोडली की नोट स्पष्ट होते आणि सूरही टिकतो. हे पाच सेकंदांचं काम मला कुणी चार वर्षं सांगितलं नव्हतं.

तारा उकळून जिवंत करायची युक्ती खरी आहे, पण चार-आठ दिवसांपुरती. आणि त्यासाठी घरातलं चांगलं पातेलं घेऊ नका.

सेटअप

तंबोऱ्याची जवारी लागलेली नसेल तर कितीही चांगला गवई असो, तंबोरा बोलत नाही. बेसच्या सेटअपचंही तसंच. फरक एवढाच की तिथे गुंजन हवं असतं, इथे बहुधा नको.

पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे शरीराला मिळते त्या फ्रेटवर ई तार एकाच वेळी दाबा. एक हात कमी पडतो, मित्राला बोलवा किंवा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि पट्टी यांच्यात किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. फट अजिबात नसेल तर खालच्या फ्रेटवर खडखड होणार. दोन-तीन कार्डं जात असतील तर तार जड आणि आवाज ढिला. ही फट नेकमधल्या लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, कमी-जास्त करतात. एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवायचं नाही, आणि रॉड अडला तर जोर करायचा नाही. पहिल्यांदा जाणकार कारागिराकडून करून घ्या आणि शेजारी बसून बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात लाकूड हलतं, त्यामुळे वर्षातून दोनदा ही तपासणी मुंबईत करावीच लागते. बाहेरच्या दमटात तासभर फिरलेला बेस एसी जॅमरूममध्ये काढलात तर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच सुरात लावा.

त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास, ही चांगली सुरुवात. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेली नोट ट्यूनरवर जुळवा. दाबलेली नोट चढी येत असेल तर ब्रिजचं खोगीर मागे घ्या, उतरी येत असेल तर पुढे.

पिकअपची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित स्क्रू. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यातलं अंतर मोजा: ई खाली तीनेक मिलिमीटर, जी खाली अडीच. फार जवळ आणलंत तर आवाज मोठा येतो म्हणून सुरुवातीला खूश व्हाल, पण चुंबक तारेला ओढायला लागतात, नोट थरथरते आणि सूर हलतो. एका तारेचा आवाज बाकीच्यांपेक्षा दबत असेल तर आधी हा स्क्रू बघा, ॲम्प नंतर.

बेसवरची बटणं

साध्या, बॅटरीविना चालणाऱ्या बेसवर टोन नॉब फक्त वरचे स्वर कापतो, वाढवत काहीच नाही. तो पूर्ण उघडा ठेवून सुरुवात करा आणि गाण्याप्रमाणे बंद करत जा. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ सालचा, जॅझ बेस १९६० सालचा, आणि आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त बेसपैकी बहुतेक यातल्या एकाचे वंशज. जॅझच्या जातीच्या बेसला दोन व्हॉल्यूम असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की मधला आवाज थोडा खोल जातो. एखादा किंचित कमी केला की मधला भाग पुढे येतो. पण त्यात एक गोम आहे. दोन्ही सारखे असताना पिकअप एकमेकांची घरघर मारतात, एक कमी केला की ती परत येते.

बॅटरीवाला बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची कुरकुर ओळखायला शिका. बॅटरी उतरली की जोरात वाजवलेली नोट फाटते. जॅक घुसवला की सर्किट चालू होतं, म्हणून घरी आल्यावर वायर काढून ठेवा. मी एकदा रात्रभर विसरलो आणि दुसऱ्या दिवशी पार्ल्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला मुका झालो. तेव्हापासून बॅगेच्या कप्प्यात एक बॅटरी कायमची आहे.

वायर, घरघर आणि झटका

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसवर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी नोट येते ती ४९ हर्ट्झची. म्हणजे विजेची घरघर बेसच्या ऐन घरात राहायला येते, ईक्यूने, म्हणजे खालचे-मधले-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी, कापायला गेलात तर नोटही कापली जाते. तिला उगमापाशीच गाठावं लागतं. ट्यूबलाईट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर बंद करून बघा. बेस धरून जागच्या जागी फिरून बघा, एका दिशेला घरघर कमी होते. वायर तीन ते पाच मीटरची, चांगल्या जॅकची घ्या. साध्या बेसला लांबलचक वायर लावली तर वरचे स्वर वाटेतच गळतात. सैल झालेला जॅक लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो आणि सोल्डरिंग येत असेल तर दहा मिनिटांत बदलता येतो.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर घाबरू नका, ब्रिजची अर्थिंग नीट आहे असा त्याचा अर्थ. पण तारांवर हात आणि माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. एका मंडपात मला तसा झटका बसलाय, ओठ दोन दिवस बधिर होता. तात्पुरती वायरिंग, पावसाने ओली जमीन आणि कुणीतरी काढून टाकलेली प्लगची तिसरी पिन, एवढं जिवावर बेतायला पुरेसं असतं. घरघर जावी म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. आणि तुमचा ॲम्प व मिक्सर एकाच बोर्डावरून वीज घेतात ना, हे मंडपातल्या इलेक्ट्रिशियनला विचारायला लाजू नका.

ॲम्प आणि खोली

दहा फूट रुंदीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे आपल्या नेहमीच्या खोल्यांमध्ये ए तार ढोलासारखी घुमते आणि तुम्ही बिचाऱ्या बेसला दोष देता. ॲम्प कोपऱ्यातून काढा, कोपरा खर्ज आणखी फुगवतो. खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, स्पीकर गुडघ्यांकडे नको, कानांकडे हवा. खाली राहणाऱ्या काकूही जरा शांत होतात. रात्री नऊनंतर हेडफोन, त्यात खोलीचा प्रश्नच येत नाही. गिटारच्या ॲम्पवर बेस हळू आवाजात चालतो, जोरात वाजवलात तर स्पीकर फाटतो.

ईक्यूची सगळी बटणं मध्यावर आणा आणि तिथून सुरुवात करा. वाढवण्याआधी कापून बघा. आवाज चिखल वाटतोय? २०० ते ३०० हर्ट्झ थोडं कमी करा. नोट कळत नाहीये? खर्ज वाढवू नका, ७०० ते १००० हर्ट्झ किंचित वाढवा, बेसचं ‘बोलणं’ तिथे असतं. बोटांची आणि फ्रेटची कटकट अडीच हजारांच्या आसपास असते, हवी तेवढीच ठेवा. बटणांचं हसू करणारे, म्हणजे दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली ठेवणारे, घरी एकट्याने वाजवताना फार सुखात असतात. बँड सुरू झाला की त्यांचा बेस गायब होतो.

कंप्रेसर, म्हणजे मोठ्या-छोट्या नोटांचा आवाज सारखा करणारं पेडल, घ्यायचा तर आत्ता. चारास एक प्रमाणावर, मोठ्या नोटा थोड्या दबतील इतपतच. पण बोटांचा जोर समान झाल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

बाकीच्यांबरोबर

आपल्या ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा बेसला ॲम्प मिळतच नाही, वायर सरळ मिक्सरला. साधा बेस मिक्सरच्या लाईन इनपुटमध्ये घुसवलात तर आवाज पातळ आणि गुदमरलेला येतो. मधे डीआय बॉक्स हवा. साऊंडवाल्याकडे असतो, पण माझा मी नेतो. चर्चगेट लोकलच्या लगेजच्या डब्यात बेसबरोबर तोही मावतो.

स्टेजवर खालच्या जागेसाठी भांडण असतं. ऑक्टोपॅडचा किक, ढोलकीचं घुमणारं डावं तोंड, बेस आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, चौघांनाही खालीच राहायचंय. ढोलकी असलेल्या गाण्यात, म्हणजे लावणीसारख्या, मी टोन नॉब निम्मा उघडतो, ब्रिजकडे सरकतो आणि नोटा छोट्या ठेवतो. घुमण्याचं काम ढोलकीचं. भावगीतात उलटं, नेककडे जातो आणि नोट पूर्ण मात्रा धरतो. कीबोर्डवाल्या दादांना मात्र कार्यक्रमाच्या आधी चहा पाजूनच सांगायचं की मधल्या सप्तकाच्या खाली डावा हात आणू नका. स्टेजवर सांगितलंत तर मुद्दाम आणतात.

साऊंड चेकला बेस दुसऱ्याच्या हातात द्या, कुणीही चालेल, एकच मोकळी तार छेडता आली तरी पुरे. तुम्ही खाली उतरून शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत जा. मोकळ्या ई तारेच्या आवाजाची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते, त्यामुळे स्टेजवर उभं राहून तुम्ही जे ऐकता आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना जे ऐकू येतं, त्यात फार अंतर असतं. मग परत या आणि साऊंडवाल्याला सांगा काय कमी करायचं ते.